शिवणीतली माया

शिवणताई बाईंच्या पहिल्यांदा लक्षात आली ती त्यांचीच चूक काढताना.

छत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. घरी बसून राहणं काही त्यांना जमेना, म्हणून त्या बायकांच्या विद्यालयात संस्कृत शिकवायला जाऊ लागल्या. विद्यालय म्हणजे एका जुन्या दुमजली इमारतीचा वरचा मजला. तीन खोल्या, पुढे व्हरांडा आणि पायाखाली लाकडी फळ्या. खालच्या मजल्यावर शिवणकामाचं दुकान होतं. एका दुपारी वर्ग संपवून बाई जॅकेटच्या बाह्या आखूड करून घ्यायला खाली उतरल्या.

दुकान चालवणारी पंचेचाळिशीची, ठेंगणी, हातानं चलाख. सगळे तिला शिवणताईच म्हणत. ओठांत चार टाचण्या धरून ती बाईंच्या मनगटापाशी कापड दुमडत होती. टाचण्यांच्या फटीतूनच ती म्हणाली, "बाई, परवा तुम्ही चौथा श्लोक दोनदा म्हटलात. पाचवा राहिलाच."

"काय म्हणालीस?"

तिनं टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "चूक काढत नाही हो मी. पण वरच्या मुली आता तसंच पाठ करून बसतील, म्हणून सांगितलं."

बाईंनी छताकडे पाहिलं. फळ्यांमधल्या फटींतून वरच्या खोलीतला उजेड दिसत होता. जिथून उजेड येत होता तिथून आवाजही येत असणार, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

खिडकीपाशी शिवणताईची सासू काज-बटणं करत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "अकरा वर्षं झाली. हिचं शरीर तेवढं दुकानात असतं. कान वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात."

"म्हणून दाखव बघू," बाई म्हणाल्या.

शिवणताईनं हात पुसले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज साधा, पण उच्चार असे स्वच्छ की बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. एक, दोन, पाच, सात श्लोक झाले. आठव्यानंतर त्याच चालीत, तितक्याच भक्तिभावानं ती म्हणाली, "खिडकी लाव गं, धूळ येतेय."

बाईंना आधी कळेना. मग कळलं आणि हसू आवरेना. त्यांच्या आधी शिकवणाऱ्या बाईंना रस्त्याच्या धुळीचा भारी त्रास व्हायचा, हे त्यांनी ऐकलं होतं.

शिवणताईही हसायला लागली. "मला पहिली तीन वर्षं वाटायचं, ते त्यातलंच आहे. आता माहीत आहे हो. पण जीभ ऐकत नाही."

"अर्थ कळतो का?"

हसणं थांबलं. "तेच तर ना. कापड हातात आहे, पण सुलटं कुठलं नि उलटं कुठलं, ते कळत नाही."

विद्यालयात नवे प्रवेश तीन वर्षांतून एकदाच व्हायचे आणि त्या वर्षी एक जागा उरली होती. अट होती सातवी पास असण्याची. शिवणताईनं शाळा सोडली होती ती पाचवीच्या मध्यावर. घरात धाकटी भावंडं होती आणि आई आजारी. मात्र एक पळवाट होती. विद्यालयाच्या संस्थापक माताजी स्वतः तोंडी परीक्षा घेत, आणि त्यांचं समाधान झालं तर अट माफ होई. "आत्मा बाईचा वेगळा आणि पुरुषाचा वेगळा असं शास्त्रात कुठंच नाही. मग विद्या तरी कशी वेगळी असेल?" असं म्हणून त्यांनी ऐन तारुण्यात हे विद्यालय काढलं होतं. आता त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्या प्रेमळ होत्या, पण परीक्षेला बसल्या की कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

"या वेळेला नाही झालं तर पुढच्या वेळेला मी अठ्ठेचाळीस," शिवणताई म्हणाली. "तोवर डोळे सुईत दोरा ओवायला तरी राहतात की नाही कोण जाणे. पोथी कुठली वाचते!"

"चाळिशी लागली नाकावर आणि हिला पाटी-पेन्सिल हवी," सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला.

पुढचे सहा आठवडे रोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास कापड बेतण्याच्या मोठ्या टेबलावर शिकवणी चाले. टेबलाच्या एका टोकाला खडू, कात्री, मापाची टेप आणि दुसऱ्या टोकाला बाईंचं पुस्तक. अक्षरं तिला येत होती, जोडाक्षरांवर गाडी अडायची. संधीचं प्रकरण आलं तेव्हा बाई मनातून धास्तावल्या, कारण छत्तीस वर्षांत एकाही वर्गाला संधी आवडलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी सोपं उदाहरण घेतलं. "नमस्ते. यात दोन शब्द आहेत. नमः आणि ते. म्हणजे तुला नमस्कार."

शिवणताईनं कागदावरच्या शब्दाकडे असं पाहिलं, जसं ती गिऱ्हाइकानं आणलेल्या फाटक्या कोटाकडे पाहायची. "म्हणजे ही दोन कापडं. जोडताना विसर्ग दुमडून आत गेला, आणि बाहेरून स् दिसतोय. असंच ना?"

"असंच."

"मग उसवायला काय अवघड आहे? द्या अजून."

विद्यार्थिनी, सूर्योदय, इत्यादी. तिनं एका बैठकीत वीस शब्द उसवले. दुसऱ्या दिवशी बाईंनी वरच्या वर्गात शिवणीचंच उदाहरण दिलं आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी जांभया द्यायची, तीही पुढे सरकून बसली.

सासूबाईंचे टोमणे चालूच होते. पण एकदा शिवणताई एका ओळीवर अडखळली तेव्हा खिडकीतून बरोबर शब्द आला.

"आई, तुम्हाला कसं ठाऊक?"

"का? मला काय कान नाहीत? तू एकटीच बसतेस का या छताखाली?"

परीक्षेच्या दिवशी शिवणताईनं स्वतः शिवलेला निळा कुडता घातला होता. माताजींच्या खोलीत एक चटई, एक बैठं मेज, पुस्तकांचं कपाट आणि पाण्याचा माठ, एवढंच सामान. बाईंना कोपऱ्यात बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. पाठांतर झालं, खिडकी न लावता. संधी झाले. बाईंचा जीव भांड्यात पडतोय तोच माताजींनी विचारलं, "माया म्हणजे काय?"

याचं उत्तर बाईंनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. त्याच सकाळी जिना चढताना तिनं ते म्हणून दाखवलं होतं. पण आता शिवणताईनं ते म्हटलंच नाही. तिनं कुडत्याची कड उलटी केली आणि माताजींच्या पुढे धरली.

"ही."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, ती माया," शिवणताई म्हणाली. "बाहेरून दिसत नाही. उद्या अंग भरलं, पोर वाढलं, की शिवण उसवून ती सोडायची. ज्या कपड्यात माया नाही तो कपडा एका वर्षाचा."

"चूक," माताजी म्हणाल्या. "मी शास्त्रातली माया विचारली. बाईंनी सांगितली नाही का?"

"सांगितली. पाठ आहे." तिनं एका दमात म्हटलं, "जे नाही ते असल्यासारखं दाखवते आणि जे आहे ते झाकून टाकते, ती माया."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"कारण ते पाठ आहे, कळलेलं नाही. माताजी, एक विचारू?"

"विचार."

"तुमची माया दिसते, पण नसते. आमची असते, पण दिसत नाही. म्हणजे बरोब्बर उलटी. आणि आई पोरावर करते तीही मायाच. एवढ्या तीन तऱ्हांना शब्द एकच कसा? कुणी चुकलं का? शिंपी चुकले, की..."

पुढचा शब्द तिनं गिळला. खालून मशीनचा आवाज येत होता. सासूबाई दुकान सांभाळत होत्या. माताजींनी तिच्या हातातली कुडत्याची कड घेतली, चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ नेली आणि आतलं कापड अंगठ्यानं चाचपून पाहिलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग त्या हसू लागल्या. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. "साठ वर्षं मी हा शब्द शिकवतेय गं. जन्मभर असेच कपडे घातले. मला कसं सुचलं नाही हे?"

बाईंना राहवेना. "माताजी, मग उत्तराचं..."

"उत्तराला शून्य. विचारलं एक, सांगितलं दुसरंच." त्यांनी प्रवेशाची वही पुढे ओढली. "पण उत्तरं येत असती तर हिला शाळा कशाला लागली असती? जिला विचारावंसं वाटतं तिच्यासाठीच तर हे सगळं मांडलंय." वहीत एक रकाना आधीच्या शिक्षणाचा होता. तिथे पेन क्षणभर थांबलं. मग माताजींनी ठळक अक्षरांत लिहिलं: पाचवी अर्धी, आणि अकरा वर्षं खालच्या मजल्यावर.

शिवणताई जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरली. मागून बाई कठड्याला धरून येईपर्यंत दुकानात कल्ला सुरू झाला होता.

"आई, शून्य मिळालं! घेतलं मला!"

"शून्याला घेतात?" सासूबाईंनी पायानं मशीन थांबवलं. "मग माझंही नाव घाल. मला तर तेवढंही मिळणार नाही."

बाई आत येऊन स्टुलावर बसल्या. त्यांना बोलायचं होतं, पण हसताना धाप लागली होती. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सुनेच्या पाठीवर एक चापट मारली. ती शाबासकीची होती हे कळायला शिवणताईला जरा वेळ लागला.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. त्या प्रश्नाचं उत्तर माताजींनी मधल्या काळात दोनदा दिलं आणि दोन्ही वेळा आपण होऊन मागे घेतलं. शिवणताईचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा झाला. व्याकरणात तिचा पहिला नंबर आला, आरोग्य हाही एक विषय होता, त्यात ती काठावर सुटली. बाईंचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. नव्या तुकडीतल्या बायकांना संधी आता शिवणताई शिकवते, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसात ते साडेआठ. दुकान नऊला उघडतं.