शुभेच्छुकांच्या रांगेतला फोटो

आमच्या मोशीत माणसाचा वाढदिवस घरात होत नाही, चौकात होतो. फ्लेक्सवर मधोमध वाढदिवसवाल्याचा मोठा चेहरा आणि खाली गोल चौकटींमध्ये शुभेच्छुकांची रांग, निम्मे गॉगल लावलेले. माझाही चेहरा त्या रांगेत कितीदा तरी लागला आहे. ज्यांना मी शुभेच्छा देत होतो त्यांतल्या काहींना मी ओळखतही नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या हातून जे घडलं ते याच हौसेपायी घडलं, आणि आठवलं की मला अजून एका जागी बसवत नाही.

आत्या पंचाहत्तर वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, आयुष्यभर नर्स. एकदा तिच्या वॉर्डात एक परदेशी बाई बाळंत झाली. नवरा तिकडे तुरुंगात, सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून. बाईला न्यायला कुणीच आलं नाही, तेव्हा आत्यानं तिला बाळासकट रिक्षात घातलं आणि घरी आणलं. तिथून सुरू झालं ते थांबलंच नाही. तिच्या वाट्याच्या घरात वर तीन खोल्या होत्या आणि त्यांत कायम कुणीतरी आपला देश सोडून पळालेलं असायचं. त्यांची कागदपत्रं, पोलीस चौकीतली नोंद, पोरांची शाळा, सगळीकडे ती स्वतः जायची. साहेब दाद देईनात की त्यांच्यासमोरच्या बाकावर डबा उघडून जेवायला बसायची. "मला काय घाई न्हाई," म्हणायची. दुपारपर्यंत काम होऊन जायचं. घरातले म्हणायचे, ही लष्कराच्या भाकऱ्या भाजते. मीही म्हणायचो, आणि मनातून तिचा मला फार अभिमान होता.

त्या वर्षी वर एक मास्तर आणि त्याची बायको राहत होती. देशाचं नाव लिहीत नाही. आता नाही.

पाहुण्यांचे फोटो काढायचे नाहीत, ही आत्याची ताकीद घरातल्या सगळ्यांना होती. मला वाटे, म्हातारीला प्रसिद्धी आवडत नाही. म्हणून मीच ठरवलं की यंदा तिला चौकात मिरवायचं. भाडेकराराचे कागद मी भरत असे, त्यामुळे वरच्या मंडळींचे पासपोर्ट साइज फोटो माझ्या मोबाइलमध्ये होतेच. चाकणच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी डिझाइन पक्कं केलं. मधोमध आत्या, डावीकडे आम्ही भाचे-पुतणे, उजवीकडे मास्तर आणि त्याची बायको. त्यांच्या खाली लिहिलं, 'परदेशातील शुभेच्छुक'. चार फ्लेक्स लागले. मंडळाच्या फेसबुक पेजवरही चढवला, शिवाय चौकात केक घेऊन उभा राहिलो. उंटावरचा शहाणा, दुसरं काय!

आत्या सांगवीला मैत्रिणीकडे गेली होती, ती बसनं परतली आणि बरोबर फ्लेक्सखालीच उतरली. तिचा आनंद टिपायला मी मोबाइल रोखून उभा होतो.

"कुनी केलं ह्ये?"

"मीच, आत्या."

"उतरव."

मला वाटलं, लाजते आहे. म्हणालो, "अगं, सगळा गाव कौतुक करतोय."

तिनं माझं मनगट धरलं. "मास्तरच्या घरच्यांनी तिकडच्या सरकारला सांगितलंय, पोरगा नदी वलांडताना बुडून मेला म्हनून. दिवस घातलेत त्याचे. म्हनून घरातली मानसं जित्ती हायती. आनि तू त्याला चौकात टांगलाय."

केक कुणाच्या हातात दिला तेही आठवत नाही. शिडी आणली, सुतळ्या कापल्या, चारही फ्लेक्स उतरवले. मग मंडळातल्या पोरांना फोन. "भावा, पोस्ट काढ." "का राव? एवढे लाइक आलेत!" एकाचं स्टेटस काढावं तर दुसऱ्यानं ते पुढे पाठवलेलं. पोस्ट निघायच्या आधी तिच्याखाली कुणीतरी अनोळखी लिपीत एक ओळ लिहिली होती. ती मी मास्तरला दाखवली. त्यानं वाचली आणि मोबाइल परत दिला.

"क्या लिखा है?"

"पूछा है, ये ज़िंदा है?"

संध्याकाळच्या आतच आत्यानं दोघांना सांगवीत तिच्या मैत्रिणीकडे हलवलं. मी बॅगा उचलायला गेलो तर म्हणाली, "तू र्‍हाऊ दे."

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. लाइनवर हात चालायचे आणि डोकं भलतीकडेच असायचं. दोनदा उलटा पार्ट बसवला, सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. शिफ्ट सुटली की आत्याकडे जायचो आणि दारातूनच विचारायचो, "काही कळलं?" ती नाही म्हणून मान हलवायची.

रविवारी तिनं मला सांगवीला सोबत नेलं. मास्तरनं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. आईचा फोन आला होता, दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत तो सांगू लागला. दोन माणसं तिच्या घरी आली. मोबाइलमधला फोटो तिच्यापुढे धरून विचारलं, हा कोण? तिनं चष्मा लावला, नीट पाहिलं आणि सांगितलं, हा माझा नव्हे. माझा हाडकुळा होता, नदीत गेला. हा कुणीतरी खात्यापित्या घरचा दिसतोय. माणसं निघून गेली. मग तिनं शेजारणीच्या मोबाइलवरून पोराला फोन लावला. म्हणाली, "अंगावर मांस आलंय तुझ्या. कोण जेवायला घालतं?" त्यानं आत्याचं सांगितलं. "तिला माझा नमस्कार सांग," म्हणाली.

आत्यानं बसल्या जागी हात जोडले. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. मी विचारलं, "त्यानंतर पुन्हा बोलणं झालं?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. म्हणाला, शेजारीण म्हणते, त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी तीच माणसं पुन्हा आली आणि आईला घेऊन गेली.