टाकीच्या झाकणावरचा रंग

चारकोपहून मी स्कूटरवर निघतो तेव्हा पायाशी पान्यांची पिशवी असते. मढ, मनोरी, गोराई, जिथे होडीचं इंजिन रुसेल तिथे जायचं. आमच्या धंद्याला दुकान नाही, पाटी नाही. एक नाखवा दुसऱ्याला सांगतो, "त्या मिस्त्रीला बोलव," एवढीच जाहिरात. म्हणून गोराईच्या एका नाखव्याने माझं काय घालवलं ते मी विसरलो नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा मी त्याचं इंजिन पूर्ण खोलून बांधून दिलं होतं. नारळी पौर्णिमेला पूजा झाली, होडी निघाली आणि दहा मिनिटांत खाडीच्या मधोमध बंद पडली. पाहुण्यांसकट ओढून आणावी लागली. धक्क्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "गिरणीवाल्याचा पोरगा तू, तुला रे होडीतलं काय कळतंय? वाट लावलीस इंजिनाची." आणि माझी पिशवी उचलून चिखलात फेकली. मी गुडघाभर चिखलात उतरून पाने वेचले. वडिलांनी कापडगिरणीत वापरलेला बावीस नंबरचा पाना काही मिळाला नाही. वर माणसं हसत होती. पुढे दोन वर्षं त्या धक्क्यावरून मला एक फोन आला नाही.

दोष काय होता ते मला वर्षभराने मनोरीत कळलं, दुसऱ्याच एका होडीवर. सणासाठी होडी रंगवतात. त्या हौसेत इंजिनावर, डिझेलच्या टाकीवर, सगळीकडे ब्रश फिरतो. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते एखाद्या वर्षी रंगाने बुजलं की आत हवा जात नाही, डिझेल उतरत नाही, आणि इंजिन थोडं चालून गप्प होतं. गोराईचा तो नाखवा तर टाकी दर वर्षी स्वतःच्या हाताने रंगवायचा, दुसऱ्याला ब्रश लावू द्यायचा नाही. त्या दिवसापासून मी खिशात एक टाचणी ठेवली आणि वाट बघत बसलो.

गेल्या नारळी पौर्णिमेला त्याचाच फोन आला. त्याचा नेहमीचा मिस्त्री वर्सोव्यात अडकला होता. मी पोचलो तर सगळा गाव नटूनथटून धक्क्यावर उभा. टोकाला होडीखाली पाणी होतं, अलीकडे चिखल उघडा पडायला लागला होता.

"मिस्त्री, बघ ना जरा. चालू होतंय आणि बंद पडतंय."

टाकी लालभडक चमकत होती. झाकणसुद्धा. मी पिशवी उघडलीच नाही.

"नाखवा, झाकण सैल करा."

फुस्स करून हवा आत गेली. इंजिन चालू केलं, ते छान चालत राहिलं. "आता घट्ट करा," मी म्हणालो. त्याने केलं. थोड्या वेळात इंजिन बंद. पुन्हा सैल करायला लावलं, पुन्हा चालू. पुन्हा घट्ट करायला सांगितलं तेव्हा त्याचा हात थांबला. त्याला कळलं होतं.

"टाकी कोणी रंगवली?" मी विचारलं.

"मीच."

"त्या वर्षी?"

"तेव्हाही मीच."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही, नाखवा."

त्याने मान खाली घालून तेच मोठ्याने सांगितलं. मला फार बरं वाटलं, पण पुरलं नाही.

"झालं गेलं सोड ना," तो म्हणाला. "भोक मोकळं करून दे, पूजा खोळंबलीय."

टाचणी खिशातच होती. ती तिथेच राहू दिली. मी झाकण काढलं आणि चिखलात फेकलं, माझी पिशवी पडली होती अगदी तिथे. टाकीच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधलं.

"याच्यावर आजची फेरी होईल. झाकण हवं असेल तर ते रुतायच्या आत उतरा. तिथेच माझा बावीसचा पाना आहे, तोही बघा."

तो सणाच्या नव्या कपड्यांत चिखलात उतरला. या वेळी धक्क्यावर कोणी हसलं नाही. मी हसलो.