नव्या ड्रमवरचे तेल

आमच्या जुन्या गाडीच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत. पुढचे दोन झिजले म्हणून परवा अमरावतीच्या घरी, अंगणातच, मी नवे ड्रम बसवले. नवा ड्रम गंजू नये म्हणून त्याला आतून तेल लावलेले असते. ते पेट्रोलने पुसल्याशिवाय ब्रेक नीट धरत नाही. या वेळी फडक्याला डाग लागेनासा होईपर्यंत मी ते पुसले.

मागच्या खेपेला, मुलगा शाळेत होता तेव्हा, पुसायचे राहून गेले होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही बारशाला अकोल्याला निघालो. गाडी बायको चालवत होती. बडनेऱ्यापुढे समोरचा ट्रॅक्टर थांबला आणि आमची गाडी त्याच्या ट्रॉलीवर आदळली. कोणाला लागले नाही. “मी ब्रेक दाबला होता,” असे ती सांगत राहिली. मला तेल तिथेच आठवले होते, पण मी बोललो नाही. बारशात तिचा भाऊ म्हणाला, “ताई, ब्रेक समजून हॉर्न दाबला काय वं?” सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर तिने गाडी चालवली नाही.

परवा ड्रम पुसता पुसता मी तिला खरे सांगितले.

“मले काहून सांगता? म्या ब्रेक दाबला, हे मले तवाच मालूम होतं,” ती म्हणाली. “माह्या भावाले सांगा. तो अजून हासते.”

मी मेहुण्याला फोन केला आणि सगळे सांगितले. तो म्हणाला, “भाऊजी, ताईले फोन द्या.”