भिंतीवरची नावं

माझ्या लग्नात आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर माझं आणि नवऱ्याचं नाव रंगवलं होतं. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीची झाडं आणि मधे ठळक 'शुभविवाह'. आमच्याकडे लग्नघर असंच ओळखायचं. लोक हे साध्या रंगात काढून घेतात, दोन पावसाळ्यांत ते आपोआप पुसट होतं. अण्णांना ते पटलं नाही. लेकीचं लग्न, नावं राहिली पाहिजेत, म्हणून त्यांनी मुद्दाम ऑइल पेंट आणून दिला. पुढे भिंतीचा पिवळा रंग उडाला, खाली पोपडे सुटले, माझा संसार मोडला आणि मी बॅग घेऊन कुंभारीच्या त्याच घरात परत आले. अक्षरं मात्र कालच काढल्यासारखी लालभडक.

येणारे-जाणारे आधी भिंत वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे. कोर्टातून सुटका झाली तरी भिंत काही मला सोडत नव्हती.

भावाला मुली बघायला लागलो तेव्हा अण्णांनी घर बाहेरून रंगवायचं काढलं. मुलीकडचे घर बघायला येणार होते. त्याच बेतात मला न विचारता आणखी एक गोष्ट ठरली. पाहुणे येतील तेव्हा मी टेंभुर्णीला मावशीकडे जायचं, आणि कुणी विचारलंच तर 'मुलगी सासरी असते' म्हणायचं.

"चार दिवसांचा तर सवाल हाय," आई माझे कपडे पिशवीत भरत म्हणाली. "एकदा जमू दे, मग ये की."

"आणि लग्नात? तेव्हा कुठे जाऊ?"

"तवाचं तवा बघू."

बाहेरून अण्णा म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

म्हणजे झाकायची ती मी. मला असा संताप आला की पिशवी तिथंच उपडी करावी. पण तेव्हा ती कोपऱ्यात सरकवून ठेवली.

रंगारी आला. त्याने पोपडे काढले, भेगांत पुट्टी भरली, तारेच्या ब्रशने भिंत घासली आणि नावांपाशी येऊन थांबला.

"ह्यो ऑइल पेंट हाय अण्णा. खरवडल्याबिगर वरचा रंग धरायचा न्हाय. पर लग्नाची नावं आमी खरवडत न्हाय. घरच्यांनी काढून द्यावं."

आता घरचे म्हणजे कोण? अण्णांनी मान फिरवली. भाऊ म्हणाला, "माझंच लगीन ठरतंय, मी कसा हात लावू?" आईने तर कानांवर हातच ठेवले. लेकीचं लग्न मोडलं ते सगळ्यांनी पचवलं, भिंतीवरचं मोडायला मात्र एकालाही हिंमत होईना.

पाहुणे रविवारी दुपारी येणार होते. त्याच दिवशी सकाळी मला एसटीत बसवायचं ठरलं होतं. त्याऐवजी मी भावाचा जुना शर्ट चढवला, रंगाऱ्याची शिडी भिंतीला लावली आणि त्याची खरवडायची लोखंडी पट्टी घेऊन वर चढले. खाली आई ओरडत होती, मला ऐकू येत होतं, आणि मी अजिबात थांबले नाही.

आधी नवऱ्याचं नाव काढलं. ऑइल पेंट चिवट, सहजासहजी सुटेना. जोर लावला की एकदम ढलपी निघायची आणि लाल भुकटी तोंडावर उडायची. ऊन तापलं, तळहाताला फोड आले. शेजारच्या काकू फाटकात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं बाई, रंगाऱ्याला सांगायचं की!"

"त्याला भीती वाटते, काकू. मला नाही वाटत."

 नवऱ्याच्या नावाच्या जागी नुसता सिमेंटचा खरखरीत पट्टा दिसला आणि मला हसू आलं. इतकं मोकळं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पाहुणे वेळेआधीच आले. माझं नाव अजून अर्धं बाकी होतं. मुलीच्या आत्याने ते वाचलं आणि विचारलं, "कुणाचं लगीन झालतं हितं?"

अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी शिडीवरूनच बोलले, "माझं. ते मोडलं. आता मी याच घरात राहते. तुमची मुलगी आली तर नणंद घरातच असेल, हे आधीच बघून जा."

चहा झाला, पोहे झाले. दोन दिवसांनी नकार आला.

अण्णा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. भिंत रंगवून झाली, फिकट निळी. आई येता-जाता कुरकुरत राहिली, "हातानं धोंडा पाडून घेतला पायावर." घेतला तर घेतला. मी ती पिशवी रिकामी करून कपडे पुन्हा कपाटात लावले.

मग वळसंगकडचं एक स्थळ आलं. या वेळी मला कुणी कुठे जायला सांगितलं नाही, पण समोर ये असंही कुणी म्हणालं नाही. मी स्वयंपाकघरात थांबले. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, अण्णांचं 'या, या' ऐकू आलं. आणि त्यावर आईचा आवाज, नेहमीपेक्षा चढा.

"बसायच्या आदी एक ऐका. आमची लेक लगीन मोडून घरी आलीया. ती हितंच ऱ्हानार. चालत असंल तर बसा, न्हायतर पाणी पिऊन जावा."

 अण्णांनी तिला अडवलं नाही. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि डोळे न पुसताच बाहेर गेले.