अभिप्रायाच्या वहीत मावशी

मुक्कामाच्या जागी तुमची चादर कोण बदलतं, हे कधी विचारलंत? नाही ना? मग ऐका.

प्रवाशांच्या त्या वसतिगृहात मावशी अकरा वर्षं धुणं करत होती. एकोणतीस खाटा, एकोणतीस चादरी, तेवढेच अभ्रे. धुण्याच्या खोलीमागची एक खोली नोकरीसोबत मिळालेली. तिथे अंथरुणाला खिळलेली आई. नोकरी गेली की खोली गेली, मग म्हातारीला घेऊन जायचं कुठे? म्हणून मावशी नियमाला टरकून असायची.

त्यात आला सायकलवाला. अठराशे किलोमीटर तुडवून आलेला, गुडघा सुजून टम्म. नियम तीन रात्रींचा. चौथ्या सकाळी तो कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. मावशीने हातातली बादली खाली ठेवली.

"कुठे निघालास?"

"पुढे. नियम आहे ना, मावशी."

"नियमाला गुडघा नसतो. बस गप."

तिने टॉवेलच्या कोठीत गादी टाकली. पुढचे तीन दिवस हा बाबा अंगणात, पाय गरम पाण्याच्या टबात सोडून, तिच्यासोबत चादरींच्या घड्या घालत बसला. दुसरे प्रवासी भोवती जमले, स्वयंपाकी चहाची किटली घेऊन आला. म्हातारीची खाटसुद्धा उन्हात ओढली.

"लग्न झालंय का रे?" म्हातारीने विचारलं.

"सायकलीशी झालंय, आजी."

"ती तुला फिरवते. तू तिला काय देतोस?"

"तेल."

"म्हणजे बरा निघालास. आमच्या ह्यांनी तेही दिलं नाही."

अंगण हसून लोटपोट. मावशीला वाटलं, इतकी वर्षं इथे नुसतं धुणंच वाळत होतं.

सातव्या दिवशी गुडघ्याची सूज उतरली आणि तो निघाला. जाताना अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहून गेला. स्वयंपाक्याने ते मोठ्याने वाचलं: 'मावशींनी नियम बाजूला सारून मला तीन दिवस कोठीत ठेवलं, शेक दिला. अशी माणसं दुर्मीळ.'

त्या वहीत लोकांनी गादीतले गोळे लिहिले होते, खिडकीतला देखावा लिहिला होता, अंगणातली मांजर तर दोनदा आली होती. मावशी? एकदाही नाही.

"मावशी, वही मिटून ठेव," स्वयंपाकी हळूच म्हणाला.

"का? जळतोस?"

हात कोरडे करून तिने स्वतः वही नेली आणि ते पान उघडून व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवली. कौतुक ऐकायला तिथेच उभी राहिली.

व्यवस्थापकाने दोनदा वाचलं. "कोठीत माणूस ठेवलात?"

"साहेब, त्याचा पाय बघायला हवा होता तुम्ही."

"मालकांना पाय दिसणार नाही, मावशी. पान दिसेल."

दिसलंच. पंधरा दिवसांत काम आणि खोली सोडावी, असं पत्र आलं. अकरा वर्षांत एक चादर हरवली नाही, त्याची ओळसुद्धा नाही त्यात! अंगाचा तिळपापड होतो वाचताना.

पत्र येऊन सहा दिवस झाले, तेव्हा मावशीने सायकलवाल्याला फोन लावला. तो कुठल्याशा घाटात धापा टाकत होता.

"पण मी तर कौतुक केलं, मावशी!"

"केलंस रे. आणि मीच ते मिरवलं."

"मी आत्ता मालकांना लिहितो, सगळी चूक..."

"नको! आणखी काही लिहू नकोस, बाबा!"

फोन ठेवून ती चादरी पिळायला लागली. मागच्या खोलीतून म्हातारीने हाक मारली, "अगं, आज खाट उन्हात नाही काढणार?" मावशीने खाट ओढली. अजून नऊ दिवस ते ऊन त्यांचं होतं. त्यानंतर कुठलं, ते तिला ठाऊक नाही.

अशा एखाद्या वहीत तुम्ही लिहायला बसाल, तेव्हा एवढं करा. आधी धुण्याच्या खोलीत जा. तिथल्या बाईला विचारा, 'मावशी, काय लिहू आणि काय पोटात ठेवू?' ती सांगेल तेवढंच लिहा.