मावशीच्या होडीचं मशीन
वर्सोव्याची एक कोळीण आमच्या बिल्डिंगखाली गेली वीसेक वर्षं मासे विकते. बायको तिला मावशी म्हणते म्हणून मीही म्हणतो, पण वयाने ती माझ्याएवढीच. मी मरोळच्या कारखान्यात फिटर होतो आणि आता घरीच असतो, हे तिला बायकोनेच सांगितलं असणार. एके दिवशी तिने बायकोकडे निरोप दिला, की नवऱ्याच्या छोट्या होडीचं मशीन चार वर्षं पडून आहे. तो गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. चालू झालं तर ठेवीन, नाहीतर भंगारात देईन. तुझ्या माणसाला बघायला सांग.

होडीचं मशीन मी आयुष्यात उघडलं नव्हतं. तरी रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो.

तिच्या घरामागे पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं. तिच्या पुतण्याने आणि मी मशीन उचलून पिंपाच्या काठाला अडकवलं, खालचा पंखा पाण्यात बुडेल असं. चाळीसेक वर्षांचं जुनं मशीन. रंग उडालेला, दोरी ओढून चालू करायचं. पुतण्या कामाला निघून गेला. मावशी पलीकडे बोंबील वाळत घालत होती.

दहा-बारा वेळा दोरी ओढली. काहीच नाही. प्लग काढून बघितला तर ठिणगी पडत नव्हती. वरच्या चाकाच्या खाचेतून ठिणगी पाडणारे पॉइंट दिसत होते, खाऱ्या हवेने पांढरे पडलेले. बारीक पॉलिश पेपरने घासले, पुसले, आणि निळी ठिणगी पडली. मग टाकीतलं जुनं, वास मारणारं पेट्रोल ओतून दिलं, कार्बोरेटर सोडवून साफ केला, ऑइल मिसळून नवीन पेट्रोल भरलं. नळीवरचा रबरी फुगा दाबून पेट्रोल वर चढवलं. चौथ्या ओढीला मशीन धडधडलं. मावशीने मान वर करून पाहिलं. मी खूश झालो.

दोन-तीन मिनिटांत ते बंद पडलं.

पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. कार्बोरेटरमध्ये कचरा राहिला असेल म्हणून तो परत उघडला. स्वच्छ होता. प्लग बदलला. तिसऱ्यांदाही बंद पडलं. पस्तीस वर्षं मशिनांबरोबर काढलेला माणूस मी, आणि घाम पुसत नुसता उभा होतो.

मावशी हात धुऊन आली. तिने तो रबरी फुगा दाबून पाहिला. तो चपटा होऊन बसला होता. मग वाकून तिने टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू दोन आटे फिरवला. सुस्कारा टाकावा तसा आवाज करत हवा आत गेली.

“आमचा माणूस आधी हा उघडायचा,” ती म्हणाली. “मग दोरी.”

टाकीत हवा जायला वाटच नव्हती, म्हणून पेट्रोल वर चढत नव्हतं. इतकी साधी गोष्ट. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस?

“तू विचारलंस कुठे, भाऊ? मला वाटलं, तुमच्या कारखान्याची रीत वेगळी असेल.”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मघापासून मी तिच्याकडे फक्त फडकं आणि पाणी मागितलं होतं.

या वेळी मशीन बंद पडलं नाही. मागच्या भोकातून मशीन थंड करून आलेल्या पाण्याची बारीक धार उडत होती. तिने धारेखाली हात धरला आणि कोमट आहे, ठीक आहे, म्हणाली. मग मला सांगितलं, की ती होडीत नेहमी पुढे बसायची, नवऱ्याकडे पाठ करून. तीस वर्षं हा आवाज तिने पाठीमागूनच ऐकला होता.

मी बंद करायला हात पुढे केला. “राहू दे थोडा वेळ,” ती म्हणाली. तिने चहा आणला. मशीन चालू होतं तोवर आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो.

भंगाराचा विषय पुन्हा निघाला नाही. गुरुवारी पुतण्याने मशीन होडीला लावलं. आता आठवड्यातून दोनदा ती खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला जाते. जाळं पुतण्या टाकतो, मशीन ती चालवते. बायको म्हणते, हल्ली मावशीकडे सकाळी चिंबोऱ्या मिळतात, पण उशिरा गेलं तर संपलेल्या असतात.