एडाचं डेस्क

सोलापूरला जाणारी माणसं रिकामी बॅग घेऊन निघतात आणि येताना चादरी भरून आणतात. मी जातानाच चादर घेऊन निघालो होतो. गाडीच्या डिकीत आमची जुनी सोलापुरी चादर होती आणि तिच्याखाली लपवलेलं एक डेस्क.

लपवण्याचं कारण असं. डेस्क मूळचं माझ्या थोरल्या काकांचं. काका सोलापुरात शिक्षक होते, आता चौऱ्याऐंशीचे आहेत. वर्षभरापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. यंदा त्यांच्या नातीचं, अक्षताचं, लग्न ठरलं. आमच्या घरची रीत अशी, की पहिली पत्रिका ग्रामदैवत सिद्धरामेश्वराला जाते आणि पाकिटावरचा पत्ता घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाच्या हातचा असतो. या वेळी अक्षताच्या वडिलांनी लिहावा असं घरात ठरलं होतं. तेवढ्यात काकांचा मला पुण्याला फोन आला, "माझं डेस्क घेऊन ये. पत्ता मीच लिहिणार."

कसा लिहिणार, हे त्यांना विचारायची कोणाची छाती झाली नाही. मला तर वेगळीच धास्ती होती. वीस वर्षांपूर्वी काकांनीच ते मला दिलं होतं, "तू काहीबाही लिहितोस" म्हणून. बैठं डेस्क होतं. त्याच्यासमोर मांडी घालून बसायचं. वर उतरतं झाकण, खाली कागदांची पेटी आणि माथ्यावर दौत ठेवायचं गोल भोक. पुढे लॅपटॉप आला आणि तो त्या उतारावरून सारखा माझ्या मांडीत उतरायला लागला. मग मी कॉलनीतल्या मिस्त्रीकडून उतारावर पाचरी ठोकून सगळं सपाट करून घेतलं, भोक बुजवलं आणि वरून संगमरवरी नक्षीचा सनमायका मारला. बायको तेव्हाच म्हणाली होती, "चला, पोळ्या लाटायची सोय झाली."

इंदापूर मागे पडलं तसे रस्त्यात गतिरोधक वाढले. प्रत्येक गतिरोधकावर डिकीतून खाडखाड आवाज यायचा.

"काका हाका मारतायत," बायको म्हणायची.

सोलापुरात पोचलो तेव्हा ऊन असं होतं, की कुत्रीसुद्धा गाडीखाली जागा धरून बसली होती. काका दारातच खुर्चीत होते. "बा, कूड्रु (ये, बस)," म्हणाले. आमचं घराणं मूळचं मैंदर्गीचं. तिकडे वाक्य कानडीत सुरू होतं आणि मराठीत संपतं. मी पुण्यात वाढलो, त्यामुळे माझं कानडी जेवणाच्या ताटापुरतं. ते मात्र उत्तम आहे. काकूंनी कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि हुग्गी (गव्हाची खीर) वाढली. मी जेवत होतो आणि काका माझ्याकडे बघत होते.

"एडाचं डेस्क आणलंस?"

घरात त्या डेस्कला हेच नाव होतं. मी लहानपणापासून ते 'येड्याचं डेस्क' असंच ऐकत आलो होतो आणि मला ते पटतही होतं. दौतीचं भोक उजवीकडे असायचं, ते या डेस्कला डावीकडे होतं. करणारा सुतार येडा होता, यात शंका घ्यायला जागा नव्हती.

"आणलंय की. गाडीत आहे. जरा पुसून आणतो."

"पुसायला काय, पाऊस लागला का त्याला?" काका म्हणाले.

मी बायकोला खुणावलं आणि आम्ही तसेच खरकट्या तोंडानं बाहेर पडलो. गावात जुन्या लाकडी सामानाची एक गल्ली आहे, तिथं पोचलो. एका दुकानात शिरलो आणि आलो कशाला होतो तेच मी विसरलो. बंद पडलेल्या गिरणीच्या ऑफिसातलं टेबल, त्याला लाकडी पट्ट्यांचं गोल शटर. सायबाचं दौऱ्यावरचं घडीचं मेज, कोपऱ्यांना पितळ. शाळेतली बाकं. त्यांच्या मधोमध बसून भीमाण्णा सुतार कानस चालवत होते. रोज वळसंगहून येतात. वय सत्तरीपुढे, कानावर पेन्सिल.

त्यांनी डेस्कावरची चादर उचलली आणि नखानं वरची कड टोकरली.

"ह्यो सनमायका कुनी मारला?"

"एका मिस्त्रीनं," मी म्हणालो.

"यांनी सांगितलं म्हणून," बायकोनं माहिती पूर्ण केली.

"तरीच. एकट्या सुताराला एवढं सुचत न्हाय."

त्यांनी इस्त्री तापवली. सनमायकावर ती फिरवत, खालून पटाशी सरकवत ते काम करू लागले आणि मी गिरणीच्या टेबलाचं शटर वर-खाली करू लागलो. हाताला पाणी लागावं तसं ते सरकत होतं.

"पट्ट्या कापडावर चिकटवल्यात," भीमाण्णा मान वर न करता म्हणाले. "म्हनून वळत्यात. सायबाला समदं झाकून घरी जायचं आसायचं."

"आणि हे आमचं उतरतं कशासाठी?"

"पेन बदललं की टेबल बदलतंय, बघा की. बोरूच्या टायमाला उतार पायजेच. उतारावर बोरू आडवा पडतो, शाई सावकाश उतरती. सपाटीवर हुबा धरला की बदाकन डाग. मग टाक आला, लोक खुर्चीत बसाय लागले, टेबलाला पाय आले. पर दौतीचं भोक ऱ्हायलं. मग शाईचं पेन आलं, भोकाचं काम संपलं. तरी शाळंच्या बाकाला किती वर्सं भोक पाडत होतो आमी. पोरं त्यात पेन्सिलीचा भुगा भरायची. बॉलपेन आलं, ते दाबून लिवायचं, मग उतार बी गेला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तुमच्या मशिनीला मांडी पुरती. टेबल कशाला नासवलं?"

याचं उत्तर बायकोकडे होतं, पण तिनं या वेळी दया केली.

सनमायका निघाला, पाचरी निघाल्या. खालचं सागवान मधासारख्या रंगाचं होतं. मी इतकी वर्षं ते पाहिलंच नव्हतं. भीमाण्णांनी बुजवलेल्या भोकावर बोट ठेवलं.

"आन् हे का बुजवलं?"

"ती सुताराची चूक होती. डावीकडे पाडलंय ना. म्हणून तर घरात याला येड्याचं डेस्क म्हणतात."

"येड्याचं का एडाचं?"

"एडाचं म्हणतात, पण..."

"गाव कुटलं तुमचं?"

"मैंदर्गी."

ते खुदकन हसले. "आवो, कानडीत एड म्हंजे डावं. डावखुऱ्या मानसाचं डेस्क हाय हे. भोक उजवीकडं आसतं तर डाव्या हातानं टाक बुडवून माघारी आनेपर्यंत कागदभर ठिपके पडले आसते. करनारा लई हुशार होता. हितं हात लावा."

मी हात लावला. समोरच्या कडेची डावी बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. उजवीकडे धार तशीच होती.

काकांना मी जन्मभर उजव्या हातानं लिहिताना पाहिलं होतं. फळ्यावर, वह्यांवर, मला आलेल्या पोस्टकार्डांवर. ते डेस्क का मागत होते, हे त्या गल्लीत, घाम पुसताना माझ्या डोक्यात शिरलं. भीमाण्णांना म्हणालो, "भोक आधी मोकळं करा."

चारच्या सुमाराला डेस्क काकांच्या पुढ्यात, एका स्टुलावर ठेवलं. त्यांना आता मांडी घालता येत नाही. त्यांनी झाकणावरून डावा पंजा फिरवला, भोकापाशी थांबले.

"इथं काहीतरी केलं होतंस."

"हो."

"बरं झालं, काढलंस." पुढे ते एवढंच म्हणाले, "शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारमारून उजवा शिकवला. वडील मास्तरांना काही बोलले नाहीत. फक्त हे करून आणलं आणि म्हणाले, घरात डाव्यानं लिही. पुढे मीच मास्तर झालो आणि सोडून दिलं. पोरांपुढं बरं दिसत नाही, म्हणून."

काकू दौत आणि टाक घेऊन आल्या होत्या, पण देईनात. "देवाची पत्रिका आहे हो. डाव्या हातानं?"

"त्याला पत्ता वाचायचाय, माझा हात नाही."

 काकूंनी दौत त्या भोकात ठेवली. बरोबर बसली. हळदीकुंकवाची बोटं लावलेलं पाकीट उतारावरून घसरायला लागलं, तसं त्यांनीच दोन बोटांनी ते धरून ठेवलं.

काकांनी टाक बुडवला. 'श्री' लिहायला इतका वेळ लागला, की बायकोनं माझं मनगट धरलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं होतं, पण सरळ चाललं होतं. श्री सिद्धरामेश्वर महाराज. मुक्काम तलावातलं देऊळ. सोलापूर.

"पिन कोड राहिला," मी म्हणालो. 

"तो तिथं पिन कोडच्या आधीपासून आहे," काका म्हणाले आणि त्यांनी दुसरं पाकीट मागितलं.

डेस्क तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा डिकीत फक्त चादर होती, आणि गतिरोधकांवर कोणी हाक मारत नव्हतं. आता मी सपाट टेबलावर लिहितो. लॅपटॉप घसरत नाही. त्यानं लिहिणं काही सुधारलेलं नाही.

ते दुसरं पाकीट आमचं होतं. भिगवणपाशी चहाला थांबलो तेव्हा बायकोनं ते पर्समधून काढलं. माझ्या नावावर ओल्या शाईवरून डावा हात गेल्याचा निळा फराटा उमटला होता. तो पुसायला ती पदराचं टोक ओलं करायला लागली.

"राहू दे," मी म्हणालो. "ती चूक नाहीये."